कुंकवाखालचा क्रमांक

मी काय काम करते हे सांगितलं की अमरावतीत लोक दोनच प्रश्न विचारतात. दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो का, आणि मिळत असेल तर आमच्या घरच्या कोणाला चिकटवता का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मी पुण्याच्या एका लहान कंपनीसाठी घरून व्हिडिओ गेम तपासते. याला खेळणं म्हणायचं असेल तर चाळीस पोळ्या लाटण्याला जेवण म्हणावं लागेल. सध्याचा गेम एका बर्फाळ बेटावरच्या टपालवाल्याचा आहे आणि मी त्याला एकाच पुलावरून किती वेळा नेलं असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही.

हे गेम टीव्हीला जोडायच्या ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र दुकानात मिळतं. आमच्याकडचं मिळत नाही. यंत्र बनवणारी कंपनी गेम बनवणाऱ्यांना वेगळी यंत्रं वापरायला देते, त्यांना आम्ही किट म्हणतो. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहायचं नाही अशी सही केलेली आहे, आणि सह्यांच्या बाबतीत मी आधीच एकदा गोत्यात आलेली बाई आहे.

लोकांना वाटतं की सगळी किटं एकसारखी असतील. मलाही नोकरी लागली तेव्हा तसंच वाटायचं. पुण्याला असताना पाहिलेलं पहिलं किट प्रवासाच्या बॅगेएवढं होतं आणि त्याचा पंखा लागला की शेजारच्या टेबलावरचा माणूस फोन घेऊन जिन्यात जायचा. त्यानंतरचं निम्म्या आकाराचं. त्याला पुढच्या बाजूला एक बारीक पट्टी होती आणि तिच्यावर आकडे उमटायचे. पुढच्या खेपेत पट्टी गेली, नुसती खाच राहिली. एकाला नेटवर्कच्या तारेची दोन भोकं, दुसऱ्याला एकच आणि उरलेल्या जागी रबराचं बूच. एका खेपेतली किटं उभी ठेवली की रुसायची आणि आडवी ठेवली की चालायची. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. जुन्या माणसानं नव्याला सांगायचं, आणि नव्यानं विश्वास ठेवायचा.

सगळ्यात फसवी निघाली ती शेवटची खेप. तिच्यातली किटं बाहेरून अगदी सारखी, काळी, कुठे नाव ना खूण. फरक सगळा आत. काहींमध्ये मेमरी दुकानातल्या यंत्राइतकीच, काहींमध्ये दुप्पट. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. गेमला जे काही लागतं ते त्या वेळेपुरतं या ओट्यावर मांडलेलं असतं. गिऱ्हाइकाच्या घरी ओटा लहान. प्रोग्रामर लोकांना मात्र आपली हत्यारं पसरायला जागा लागते म्हणून त्यांच्या किटांत तो दुप्पट. दुप्पटवाल्या किटाचा आणखी एक गुण असा की गेम बंद पडला तर का बंद पडला याची सविस्तर नोंद ते आपणहून करून ठेवतं. साधं किट नुसतं बंद पडतं. कोणतं कोणतं हे ओळखायचं तर किट उलटं करायचं, तळाला पांढरी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर क्रमांक. शेवटी एक अक्षर जास्त असेल तर दुप्पट. सेटिंगच्या चौथ्या पानावरही ते लिहिलेलं असतं, पण ते पान मी शेवटचं कधी उघडलं होतं ते मला आठवत नाही.

माझी मामेबहीण अकोल्याला डाबकी रोडला राहते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. संगणकाची पदविका झाली, लग्न झालं, मग अकरा वर्षं घर. आम्ही लहान असताना मामाकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम होता. त्यावर तिला कोणी हरवत नसे. मी तर हरल्यावर रिमोट फेकत असे, म्हणून माझी पाळी शेवटची. कंपनीला तपासणारं आणखी एक माणूस हवं झालं तेव्हा मी तिचं नाव दिलं. सहा महिने परीक्षेवर, त्यानंतर वरिष्ठ म्हणून मी शिफारस करायची आणि मग पक्कं करायचं की नाही ते ऑफिस ठरवणार. पहिल्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली होती, "ताई, कोणी 'तुम्ही काय करता' असं इचारलं ना, तं मी मुकीच होऊन जातो. अकरा वर्षानं उत्तर सापडलं हाय. ते जाऊ नको देजो."

नव्या माणसाला नोंदी करायची सवय नसते म्हणून दुप्पटवालं किट तिला दिलं. साधं माझ्याकडे राहिलं. तिचं काम चांगलं होतं. मी तशा कौतुकाच्या भानगडीत पडत नाही, पण तिच्या अहवालात एक शब्द फालतू नसायचा.

पुढचं सगळं दसऱ्यामुळे झालं. मामा झेंडू, शेवंती आणि भाजीपाला लावतो. पातूर रस्त्याला त्याचं शेत आणि शेतातच घर. दसऱ्याच्या दिवशी पहाटे झेंडू घेऊन तो अकोल्याच्या बाजारात बसतो, दुपारी तीनला रिकामी पोती घेऊन परततो, आणि मग अवजारांची पूजा. विळे, फवारणीचा पंप, ठिबकची गाळणी, फुलं तोलायचा काटा. ज्याच्यावर पोट चालतं ते पाटावर आलं पाहिजे. त्या वर्षी त्यानं फर्मान काढलं की पोरींचे डबेही, म्हणजे आमची किटं, आले पाहिजेत. किट नोंदवलेल्या पत्त्यावरून हलवायचं नाही असा नियम आहे, हे मी त्याला सांगून पाहिलं. काट्याची पूजा होते, पंपाची होते, मग ज्याच्यावर माझ्या पोरीची भाकर हाय त्याचीच काहून नाई, असं त्यानं विचारलं. बहीण घाबरत होती. मीच तिला म्हणाले, "आण, काही होत नाही." आणि माझंही किट पिशवीत घालून मी बडनेऱ्याहून गाडीत बसले.

दोन्ही किटं शेजारी शेजारी पाटावर बसली. मामी कुंकवाचं ओलं बोट घेऊन आली आणि अडली. काळ्या डब्यावर कुंकू उठून दिसेना. पंपावर दिसत होतं, काट्याच्या पितळी ताटल्यांवर तर छानच दिसत होतं. शेवटी तिला तळाची पांढरी पट्टी सापडली. तिनं दोन्ही डबे उलटे केले आणि नेमके त्या पट्ट्यांवर दोन ठसठशीत स्वस्तिकं काढली. वर झेंडूच्या माळा. आम्ही दोघी हसलो. फोटो मात्र काढला नाही, तोही नियम होता आणि एवढा एक आम्ही पाळला.

पूजा झालेल्या हत्यारांना दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. सकाळी मला गाडीची घाई होती. मामीनं पिशवी भरून ठेवली होती, वरती आपट्याची पानं, मेथी, शेवंतीचा पुडा. मी ती उचलली आणि निघाले. घरी आल्यावर किट बाहेर काढलं आणि टीव्हीखाली सरकवलं. तळाचं कुंकू पुसलं नाही. पूजेचं कुंकू पुसत नाहीत, आपोआप जाऊ देतात, एवढं मला आईनं शिकवलं होतं. निघण्याआधी आम्ही दोन्ही यंत्रं नियमाप्रमाणे कोरी केलेली होती, आणि तसंही रोज सकाळी कोरं करून गेमची नवी आवृत्ती घालायची हीच आमची रीत, त्यामुळे आतही कुणाची काही खूण उरलेली नव्हती.

चार दिवसांनी गेमच्या नव्या आवृत्तीत पुलापलीकडचं गाव पहिल्यांदाच आलं, आणि बहिणीचा अहवाल आला. टपालवाला पूल ओलांडून दुसऱ्या गावात शिरतो, चाळीसेक मिनिटं झालेली असतात, आणि गेम बंद पडतो. मी माझ्याकडे खेळून पाहिलं. काही झालं नाही. तिला तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अहवाल, तोच पूल.

आता माझ्या डोक्यातलं गणित पाहा. लहान ओट्याचं किट माझ्याकडे, त्यावर गेम नीट चालतो. मोठ्या ओट्याचं तिच्याकडे, म्हणजे तिथं तर तो चाललाच पाहिजे. पुण्याच्या प्रोग्रामरांचंही हेच गणित. शिवाय तिच्या किटानं गेम बंद पडल्याची नोंद आपणहून करायला हवी होती. नोंद कुठे आहे, असं विचारलं तर ती म्हणायची, अशी काही फाइलच तयार होत नाही. म्हणजे एकतर गेम बंद पडत नाही, नाहीतर ती नोंद लपवते आहे. आम्ही तिला सगळे इलाज करायला लावले. किट विटांवर ठेव, दुसऱ्या प्लगला लाव, स्टॅबिलायझर घे, तार बदल. तिनं एकेक करून सगळं केलं आणि प्रत्येकाच्या खाली लिहिलं, फरक नाही.

दोनदा ती मला म्हणाली की एक दिवस येऊन माझ्या बाजूला बसून जा. बडनेऱ्याहून अकोला दीड तास. मी दिवाळीचं कारण सांगितलं, मग पाहुण्यांचं. खरं कारण असं की मला गरज वाटली नाही. जे होऊच शकत नाही ते पाहायला कोण गाडीभाडं खर्च करून जातं?

ऑफिसच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले की पक्कं व्हायची वेळ जवळ आली की काही लोकांना जास्तीचे दोष सापडायला लागतात. माझं गप्प बसणं होकार म्हणून धरलं गेलं, आणि तो होकारच होता. त्या संध्याकाळी मी तिला फोन करून सांगितलं की हा मुद्दा आता बंद कर.

"मी खोटं काहून बोलीन, ताई?"

"खोटं म्हणत नाही मी. पण हे कागदावर बसत नाही."

पलीकडे चाललेला मिक्सर तिनं बंद केला. मग "ठीक हाय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल आला, त्यात पूल होताच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होता. मला याचा राग आला. सांगितलेलं ऐकत नाही, असं मी घरात बडबडले. नोव्हेंबरच्या मध्यावर शिफारशीचा अर्ज आला तेव्हा मी त्यात लिहिलं की हिच्या निरीक्षणांवर विसंबता येत नाही, पुढे ठेवू नये. इंग्रजीत लिहिलं की असली वाक्यं फार सभ्य दिसतात.

आठवडाभरानं ऑफिसनं किटांची वार्षिक मोजदाद काढली. फोटो चालत नाही, क्रमांक वाचून टाइप करायचा. रविवारी सकाळी मी किट उलटं केलं. कुंकू काळपट झालं होतं, आकडे दिसेनात. ओल्या फडक्यानं पुसलं. क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर जास्त होतं.

मी सेटिंगचं चौथं पान उघडलं. तिथंही तेच. दसऱ्यापासून दुप्पटवालं किट माझ्याकडे होतं आणि साधं तिच्याकडे. सहा आठवडे ती लहान ओट्यावर खेळत होती, आणि पुलापलीकडच्या गावाला तिथं खरंच जागा पुरत नव्हती. जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी गेम त्याच पुलावर बंद पडला असता. हे सांगणारं एकच माणूस आमच्याकडे होतं आणि त्याला काढून टाका असं मी लेखी कळवलं होतं. आदेश निघायला चार दिवस बाकी होते.

तो रविवार मी कसा घालवला ते लपवण्यात अर्थ नाही. अकोल्याला जाऊन गुपचूप किटं बदलून आणता आली असती. नव्या आवृत्तीत दोष दिसला, शिफारस परत घेते, एवढं लिहून भागलं असतं. खरं सांगायचं तर किटं पत्त्यावरून हलवली हे सांगावं लागणार, आणि तिनंही हलवलं होतं, म्हणजे तिची नोकरी वाचवायला जाऊन तीच बुडायची. हा शेवटचा मुद्दा मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते, कारण तोच सगळ्यात बरा दिसत होता. दुपारी भांडी घासताना मला कळलं की मला तिची काळजी नसून माझी लाज वाटते आहे. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी गेले.

तिनं दार उघडलं, पाणी दिलं. मी पिशवीतून किट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "दसऱ्याला डबे बदलले. तुझ्याकडे साधं आहे. तू लिहीत होतीस ते सगळं बरोबर होतं." आणि शिफारशीत मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं, कारण तिला ते अजून माहीत नव्हतं.

ती रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. दोन्हींची तयारी करून मी आले होते. तिनं टीव्ही लावला, रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बस. खेळ."

मी म्हणाले, आता त्याची गरज नाही, मला कळलं आहे. ती माझ्या बाजूला बसली. मी खेळायला लागले. टपालवाला पहिल्या गावात पत्रं वाटत फिरला. ती मध्ये एकदा उठून गॅस बंद करून आली. बर्फ पडत होता, घंटा वाजत होती. चाळीस मिनिटं किती लांब असतात हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी कळलं नव्हतं. ती हे रोज एकटी बसून करत होती. मी पूल ओलांडला, दुसऱ्या गावाची पहिली घरं दिसली आणि पडदा काळा झाला.

तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "आता लिव."

मी तिथंच बसून ऑफिसला सगळं लिहिलं. दसरा, पाट, कुंकू, पिशवी. किटं हलवायला मी सांगितलं, ती तयार नव्हती, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की तपासाअंती तिचं म्हणणं खरं निघालं, तरी माझी शिफारस रद्द समजावी. पाठवायच्या आधी तिनं ते वाचायला मागितलं. सावकाश वाचलं, मग 'खरं निघालं' वर बोट ठेवलं.

"निघालं काहून? ते खरंच होतं. तिनं पहिल्या दिवशीच सांगतलं, मी ऐकलं नाई, असं लिव."

मी तसं लिहिलं आणि पाठवलं. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं असावं, पण ती चहा ठेवायला गेली.

ऑफिसनं मला समज दिली, आणि आता किट घराबाहेर गेलं तर काय होईल तेही कळवलं. किटं परत बदलू नका, फक्त यादीत दुरुस्ती करतो, असं ते म्हणाले, त्यामुळे साधं अजून तिच्याकडेच आहे. पुलाचा दोष दुरुस्त झाला. तिला पक्कं केल्याचं पत्र चार दिवसांनी गेलं. मला ते पुण्याहून कळलं, तिच्याकडून नाही.

ती अजून मला ताईच म्हणते. मामाकडे भेट होते, बोलणं होतं, हसणंही होतं. अहवाल रोज वेळेवर येतो. फक्त आता प्रत्येक अहवालाची एक प्रत ती थेट पुण्याला पाठवते. आधी पाठवत नव्हती, मी आहे म्हणून. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि ते पाठवणं थांबव असं तिला सांगायला माझ्याकडे तोंड नाही.